वाचकांचे प्रश्न: छतावरचं सौर, सबसिडी आणि नेट मीटर

गेल्या काही महिन्यांत छतावरच्या सौर यंत्रणेबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न सबसिडीचा आहे. तो रास्तच आहे, पण सबसिडी एकदा मिळते आणि तिथे संपते. नेट मीटरमधून, म्हणजे लाइनमधून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरमधून, होणारी वजावट मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याच्या बिलात दिसते. तरी ती बाजू फारच थोड्या पत्रांत आली, म्हणून उत्तरांत तिच्यावर जास्त जागा दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

सूर्यघर योजनेत सबसिडी नेमकी किती? एका विक्रेत्याने ‘३ किलोवॅटचा सेट’ म्हणून ५४० वॅटची ५ पॅनेल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असं कोटेशन दिलं आहे. पूर्ण ७८ हजार मिळतील ना?

नाही मिळणार. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंत तिची मुदत आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि त्यावरच्या तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. यंत्रणा ५ किंवा ८ किलोवॅटची बसवली तरी ७८,००० च्या वर एक रुपयाही मिळत नाही.

क्षमता मोजताना पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांतला जो आकडा लहान, तोच धरतात. तुमची ५ पॅनेल मिळून २.७ किलोवॅट होतात. सबसिडी २.७ वरच निघेल: ६०,००० अधिक ०.७ किलोवॅटचे १२,६००, एकूण ७२,६००. सहावं पॅनेल घेतलंत तर पॅनेल ३.२४ किलोवॅटची होतील, इन्व्हर्टर ३ चा आहेच, आणि पूर्ण ७८,००० मिळतील. कोटेशनवर ‘३ किलोवॅट सेट’ असा एकच शब्द नको. पॅनेलची संख्या, प्रत्येकाचं वॅट, इन्व्हर्टरचं मॉडेल आणि क्षमता असं वेगवेगळं लिहून मागा.

सबसिडी थेट तुमच्या बँक खात्यात येते, तीही यंत्रणा चालू झाल्यावर. त्यामुळे सबसिडी येण्याआधी विक्रेत्याला पूर्ण रक्कम द्यावी लागते, त्याची तजवीज ठेवा. ३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात. त्याचा व्याजदर रेपो दरापेक्षा साधारण अर्धा टक्का जास्त असतो आणि १० टक्के रक्कम आपली घालावी लागते. ‘अमुक भरा, बाकी सगळं सरकार देतं’ असं सांगणाऱ्याकडून हे गणित कागदावर लिहून घ्या.

आमचा वर्षाचा वापर सव्वातीन हजार युनिट आहे. सबसिडी ३ किलोवॅटपर्यंत आहे म्हणून सगळे ३ च बसवायला सांगतात. २ पुरेल का?

या पत्रासोबत बारा महिन्यांच्या बिलांचे आकडे आले आहेत, म्हणून उत्तर नीट देता येतं. असंच पत्र प्रत्येकाने पाठवावं.

महाराष्ट्रात १ किलोवॅटपासून वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० युनिट मिळतात. छताची दिशा, सावली आणि जिल्हा यांवर आकडा हलतो. ३ किलोवॅटपासून ४,०६० युनिट धरू. वरवर पाहता तुमचे ३,२२० युनिट त्यात आरामात बसतात आणि ८४० उरतात. पण ही बेरीज फसवी आहे.

महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, मात्र हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. शिल्लक युनिटचा तेव्हा निकाल लागतो आणि त्यांचे पैसे तुमच्या बिलातल्या दराने मिळत नाहीत, बऱ्याच कमी दराने मिळतात. १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. एसी आणि कूलर सुरू होण्याची वेळही नेमकी तीच! हिवाळ्यात साठवलेले युनिट उन्हाळ्याच्या तोंडावर हातातून जातात.

तुमचा वापर एप्रिल-मेमध्ये ४५०-४५० युनिट, जून ते सप्टेंबर दरमहा २५०, ऑक्टोबरमध्ये २८०, नोव्हेंबर ते फेब्रुवारी दरमहा १८० आणि मार्चमध्ये ३२० आहे. ३ किलोवॅटची यंत्रणा एप्रिल-मेमध्ये प्रत्येकी सुमारे ४०० युनिट देईल, म्हणजे त्या दोन महिन्यांत मिळून १०० युनिट विकत घ्यावे लागतील. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती २३० च्या आसपास उतरेल, पण जूनची शिल्लक ती तूट भरून काढेल. सप्टेंबरअखेर ६० युनिट, ऑक्टोबरचे ९०, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे तब्बल ६९० आणि मार्चचे १०० अशी मार्चअखेर ९४० युनिट शिल्लक राहील. ती सगळी कमी दराने जाईल.

२ किलोवॅटचा हिशेब वेगळा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर मिळून सुमारे ६९० युनिट विकत घ्यावे लागतील आणि मार्चअखेर शिल्लक फक्त १८० च्या आसपास राहील. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटने वर्षाला साडेतेराशे युनिट जास्त येतील, पण त्यांतले जेमतेम सहाशे तुमच्या बिलातून वजा होतील. बाकीचे साडेसातशे ३१ मार्चच्या खात्यात जातील.

आता स्लॅब पाहा. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतात आणि सौर युनिट बिलातून वजा होताना सर्वांत महाग टप्प्यातले आधी वजा होतात. २ किलोवॅटने तुमचा एप्रिल-मेचा निव्वळ वापर ४५० वरून १८५ च्या आत येतो, म्हणजे ३०० च्या वरचा महाग टप्पा पूर्ण सुटतो. तिसरा किलोवॅट त्याखालचे स्वस्त युनिट वाचवतो. म्हणून आजच्या वापराला आमचं मत २ किलोवॅटच्या बाजूने आहे. दोन वर्षांत विजेवरची स्कूटर, इंडक्शन शेगडी किंवा आणखी एक एसी घरात येणार असेल, तर मात्र ३ घ्या, कारण तिसऱ्या किलोवॅटचे १८,००० तेव्हा कामाला येतील. २ घेणार असाल तर सांगाडा आणि केबल ३ किलोवॅटला पुरेल अशी करून ठेवा. तो जादा खर्च थोडा असतो. नंतर सांगाडा वाढवायचा म्हणजे गच्चीला पुन्हा भोकं पाडायची.

वीज मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. अर्ज माझ्या नावाने करू का?

आधी मीटरचं नाव बदला, मग सौरचा अर्ज करा. सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरचा अर्ज ग्राहक क्रमांकावर चालतो. नेट मीटरिंगचा करार ग्राहकाशी होतो आणि सबसिडी ज्या खात्यात जायची त्यावरचं नावही जुळावं लागतं. तीन ठिकाणी तीन नावं असली की अर्ज शेवटच्या पायरीवर अडकतो. तोवर पॅनेल छतावर चढलेली आणि पैसे दिलेले असतात. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं ना-हरकत पत्र, घराच्या मालकीचा कागद आणि थकबाकी नसलेलं शेवटचं बिल हाताशी ठेवा. बिलावर आडनावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर तेही याच वेळी दुरुस्त करून घ्या.

त्यानंतरचा क्रम असा: राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, अर्ज, वितरण कंपनीची मंजुरी, पोर्टलवरच्या यादीतला विक्रेता निवडून करार, बसवणूक, नेट मीटरचा अर्ज, तपासणी आणि मीटर, यंत्रणा चालू झाल्याचा दाखला, आणि शेवटी बँक तपशील भरून सबसिडीची मागणी. शेवटची पायरी बरेच लोक विसरतात. ती तुम्हालाच करायची असते.

मंजुरीत वेळ जाईल ही भीती आता बरीच कमी झाली आहे. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल झाला. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची पाहणी लागत नाही, तो मंजूरच धरला जातो, आणि त्यासाठी मंजूर भार (तुमच्या जोडणीला ठरवून दिलेली किलोवॅटची मर्यादा) वाढवावा लागला तर वितरण कंपनीच वाढवून देते. ५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किंवा लाइन सक्षम करायची वेळ आली, तर तो खर्चही कंपनीचा. बसवणूक झाल्यावर मीटर लावून यंत्रणा चालू करायला १५ दिवसांची मुदत आहे. ‘तुमचा भार १ किलोवॅटच आहे, तो वाढवायचे वेगळे पैसे पडतील’ असं कुणी म्हणालं, तर हा नियम दाखवा.

विक्रेता म्हणतो, परदेशी सेलची पॅनेल स्वस्त पडतात, ‘सबसिडीचं मी बघतो’. विश्वास ठेवावा का?

ठेवू नका. सबसिडीसाठी डीसीआर पॅनेल लागतं, म्हणजे पॅनेल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. बाहेरचे सेल आणून इथे जोडलेलं पॅनेल चालत नाही. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक नोंदवला जातो आणि तपासला जातो. क्रमांक जुळला नाही तर अडचण तुमची होते, कारण विक्रेत्याचे पैसे तोवर मिळालेले असतात.

पॅनेल गाडीतून उतरलं की त्याच्या मागच्या स्टिकरचा आणि चौकटीतल्या क्रमांकाचा फोटो काढा. वर चढवल्यावर ते काम अवघड होतं. डीसीआर प्रमाणपत्रावरचे क्रमांक आणि तुमचे फोटो एकेक करून जुळवा. सहा पॅनेलला दहा मिनिटं पुरतात. पैसे देतानाही टप्पे ठेवा: मालापूर्वी काही भाग, बसवणूक झाल्यावर मोठा भाग, आणि निदान १० टक्के नेट मीटर लागून यंत्रणा चालू झाल्याचा दाखला हाती आल्यावर.

ही योजना परवडणाऱ्यांनी घाईने घेऊन टाकावी अशीच आहे. पण चुकीचं पॅनेल बसलं तर तो तोटा पंचवीस वर्षं तसाच राहतो, म्हणून इतकं बजावतो आहोत.

लाइट गेली की सौरही बंद पडतं. विक्रेत्याने फसवलं का?

नाही. नेट मीटरला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइनमधला दाब (व्होल्टेज) आणि वारंवारता पाहून चालतो. लाइन गेली की त्याने लगेच बंद पडायलाच हवं. नाही तर तुमच्या छतावरची वीज उलट लाइनमध्ये जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. सबसिडी सौर क्षमतेवरच मिळते, बॅटरीवर मिळत नाही. दिवसातून तास-दोन तासच लाइट जात असेल, तर दिवे-पंख्यांसाठी घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर आहे तसा वेगळा चालू ठेवणं स्वस्त पडतं.

कडक ऊन असतं तेव्हाच इन्व्हर्टर बंद पडतो. सकाळी आणि संध्याकाळी व्यवस्थित चालतो. असं का?

हे दुखणं गावाच्या टोकाला किंवा रोहित्रापासून लांब असलेल्या घरांत फार दिसतं. त्याचं मूळ बहुधा पॅनेलमध्ये नसतं. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असते, त्यासाठी त्याला लाइनपेक्षा थोडा जास्त दाब उभा करावा लागतो. लाइनचा दाब आधीच चढलेला असेल तर इन्व्हर्टरचा दाब मर्यादेबाहेर जातो आणि तो स्वतःला सोडवून घेतो. अनेक इन्व्हर्टरमध्ये ही मर्यादा २५३ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे २३० अधिक १० टक्के. दुपारी आजूबाजूचा वापर कमी आणि निर्मिती सर्वांत जास्त, म्हणून नेमकं तेव्हाच बंद पडतं. त्या दोन तासांतले युनिट मीटरमधून बाहेर गेलेच नाहीत, तर त्यांची वजावट मिळणार कुठून?

पहिली शंका केबलवर घ्या. ३ किलोवॅटला २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर वाहतात. गच्चीवरच्या इन्व्हर्टरपासून खालच्या मीटरपर्यंत ४० मीटर अंतर असेल आणि तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार टाकली असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर तारेत सुमारे ७.७ व्होल्ट चढतात. मीटरपाशी २४६ असले तर इन्व्हर्टरपाशी जवळपास २५४ होतात. बसवणाऱ्याने तार वाचवली आणि तुमची दुपार गेली! तिथे ६ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर चढ ३.२ व्होल्टवर येते. अंतर जास्त असेल तर इन्व्हर्टरच खाली, मीटरजवळ घ्या. गच्चीपासून खालपर्यंत मग डीसी तार येईल. तिचा दाब जास्त आणि प्रवाह कमी असल्याने तिच्यात नुकसान कमी होतं.

तारेत दोष नसेल तर वायरमनकडून दुपारी १२ ते २ या वेळेत मीटरच्या टोकाला दाब मोजून घ्या, इन्व्हर्टर बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा. दोन्ही आकडे वेळेसह लिहा. बंद असतानाही दाब २५० च्या आसपास असेल तर दोष लाइनचा आहे. रोहित्राचा टॅप (दाब कमी-जास्त करायची सोय) एक पायरी खाली आणणं किंवा तिन्ही फेजवर भार सारखा विभागणं हे काम वितरण कंपनीचं. ‘इन्व्हर्टर बंद पडतो’ एवढ्या तक्रारीवर विक्रेत्याकडे बोट दाखवलं जातं. मोजलेले आकडे जोडले की तक्रार जागेवर पोहोचते. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमधून वाढवून देतो असं कुणी म्हटलं तर नकार द्या. त्या दाबाने घरातली उपकरणं जातात.

नेट मीटर लागून दोन महिने झाले, बिलात निर्यात युनिट शून्यच दिसतात. काय करावं?

आधी मीटर वाचायला शिका. डिस्प्ले आपोआप पुढे सरकतो. अनेक मीटरवर १.८.० या क्रमांकाखाली लाइनमधून घेतलेले एकूण युनिट आणि २.८.० खाली बाहेर दिलेले एकूण युनिट दिसतात. काही मीटरवर त्याऐवजी आयात-निर्यातीची अक्षरं असतात. दुपारी घरात काही चालू नसताना दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. २.८.० चा आकडा वाढत असेल तर मीटर ठीक आहे आणि चूक बिलाच्या नोंदीत आहे. वाढत नसेल तर जोडणी उलटी असेल किंवा यंत्रणाच बंद असेल.

मीटर चालू असूनही बिलात शून्य येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मीटर बदलल्याची नोंद बिलिंगच्या प्रणालीत पोहोचलेली नसते. मीटर बसवण्याच्या दिवसाचा अहवाल, त्या दिवसाचं सुरुवातीचं वाचन आणि दर महिन्याच्या १ तारखेला काढलेले दोन्ही आकड्यांचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या. मागची वजावट पुढच्या बिलात मिळते. ३१ मार्चच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण वर्षाचा हिशेब बंद झाल्यावर जुने युनिट शोधणं जिकिरीचं होतं.

एक बारकावा सांगतो. दिवसा तुम्ही जे युनिट थेट घरात वापरता, ते २.८.० मध्ये येतच नाहीत, कारण ते मीटरपर्यंत जातच नाहीत. इन्व्हर्टरच्या ॲपवर ३५० युनिट आणि मीटरच्या निर्यातीत २१० दिसले, तर १४० गेले कुठे असं विचारणारी तीन पत्रं आली आहेत. ते १४० तुमच्याच फ्रीज, पंपाने खाल्ले. यातच तुमचा पूर्ण फायदा आहे. आणि बिल शून्य झालं तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

आमची ४० सदनिकांची संस्था आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला २,५०० युनिट लागतात. संस्थेला सबसिडी आहे का?

आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, वाहन चार्जिंगही त्यात धरतात. मर्यादा ५०० किलोवॅटची, आणि दर सदनिकेमागे ३ किलोवॅट या हिशेबाने. तुमची कमाल मर्यादा १२० किलोवॅट येईल, पण एवढ्याची गरज नाही. २,५०० युनिटला २० किलोवॅट पुरे. सबसिडी ३,६०,००० होईल. संस्थेचा सामायिक वापर बाराही महिने जवळपास सारखा असतो, त्यामुळे मार्चअखेर कमी दराने जाणारी शिल्लक घरापेक्षा कमी राहते. संस्थांना सौर चांगलं लागू पडतं ते यामुळे.

जागेचा अंदाज किलोवॅटला १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर मोकळं आणि सावलीविरहित छत. पाण्याच्या टाकीची, लिफ्टच्या खोलीची आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली डिसेंबरमध्ये सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता पाहा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. मे महिन्यात बघून ठरवलेली जागा हिवाळ्यात फसते.

सभेत ठराव करण्यापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती जुनं आहे ते तपासा. पाच वर्षांत ते पुन्हा करावं लागणार असेल तर आधी ते करा, मग सांगाडा बसवा. सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, निदान ८० मायक्रॉन थराचा हवा. साइटवर कापून वेल्डिंग केलेल्या जागी तो थर जळतो आणि समुद्राकाठी दोन पावसाळ्यांत गंज दिसतो. म्हणून नट-बोल्टची जोडणी मागा. अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे हवेत: तडितरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा), सांगाडा-डीसी बाजूचा आणि एसी बाजूचा. तिन्ही एकाच खड्ड्यात गुंडाळले असतील तर काम ताब्यात घेऊ नका.

सभासदांना आपापल्या मीटरसाठी गच्चीवर पॅनेल हवी असतील, तर गच्चीचा हक्क आणि संस्थेचं ना-हरकत पत्र लागेल. गच्चीची वाटणी आधीच कागदावर करा. पहिल्या दहा जणांनी जागा अडवली की उरलेल्या तीसांशी वाद ठरलेला.

छोटा कारखाना आहे, दिवसाच चालतो. व्यवसायाला काय सवलत? शिवाय शेजाऱ्याने सौर बसवल्यावर त्याचा पॉवर फॅक्टर बिघडला म्हणे.

सूर्यघरची सबसिडी व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना नाही. त्यांचा फायदा दोन ठिकाणी आहे. दिवसा स्वतः वापरलेलं प्रत्येक युनिट घरगुतीपेक्षा महाग दराचं असतं, ते वाचतं. दुसरा फायदा प्राप्तिकरातला: सौर यंत्रणेवर पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच, म्हणजे २० टक्के. म्हणून बसवायचंच असेल तर सप्टेंबरअखेर यंत्रणा चालू झाल्याचा दाखला हाती असू द्या. बिलाची तारीख पुरत नाही, वापरात आल्याचा पुरावा लागतो. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर कर भरण्याची सोपी पद्धत घेतलेल्या दुकानदाराला मात्र घसारा वेगळा मागता येत नाही. तो त्या टक्क्यात आलाच असं कायदा धरतो. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढ्या रकमेवर घसाराही नाही. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना दर लावलेलं कोटेशन परत पाठवा.

पॉवर फॅक्टरचं शेजारी म्हणतात ते खरं आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे लाइनमधून घेतलेल्या एकूण विजेत (केव्हीए) प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचा (किलोवॅट) वाटा. मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी, काम न करणारी वीज केव्हीएआरमध्ये मोजतात. समजा मोटारींचा भार १०० किलोवॅट आणि ४८ केव्हीएआर आहे. पॉवर फॅक्टर ०.९० येतो. सौरने ७० किलोवॅट दिले की लाइनमधून फक्त ३० किलोवॅट येतात, पण ४८ केव्हीएआर तसेच राहतात, कारण नेहमीच्या सेटिंगवर इन्व्हर्टर ते पुरवत नाही. लाइनच्या बाजूचा पॉवर फॅक्टर घसरून ०.५३ होतो. कारखान्यात काहीच बदललेलं नसतं, तरी बिलात दंड दिसतो. केव्हीएएचवर, म्हणजे एकूण केव्हीएवर, बिल येत असेल तर सौरच्या बचतीचा बराच भाग तिथेच गळतो.

उपाय बसवतानाच करायचा. कॅपॅसिटर पॅनेलचे (केव्हीएआर जागेवरच पुरवणाऱ्या पेटीचे) सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, सौरच्या जोडणीच्या पुढे, थेट मुख्य इनकमरवर (लाइन आत येते तिथल्या स्विचवर) हवेत, म्हणजे त्यांना लाइनची खरी स्थिती दिसते. बहुतेक ठिकाणी ते जुन्याच जागी, भाराच्या बाजूला राहतात, आणि कॅपॅसिटर पॅनेलला सगळं ठीक वाटत राहतं. दुसरं, इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घ्या. बरेच कारखानी इन्व्हर्टर ०.८ पर्यंत देऊ शकतात, फक्त ते सेटिंग करून मागावं लागतं. तिसरं, मागणी आकारात (महिन्यातल्या कमाल मागणीवर लागणाऱ्या आकारात) कपात गृहीत धरू नका. भर दुपारी एक ढग आला आणि सगळ्या मोटारी चालू असल्या, तर त्या अर्ध्या तासात कमाल मागणी पूर्वीइतकीच नोंदली जाते. विक्रेत्याच्या परतफेडीच्या तक्त्यात मागणी आकाराची बचत दाखवली असेल तर ती ओळ खोडून उरलेला हिशेब पाहा.

सोलर वॉटर हीटरला सबसिडी आहे का?

केंद्राची नाही, ती २०१४ मध्येच बंद झाली. काही महापालिका मिळकत करात सवलत देतात, पुणे महापालिका त्यांपैकी एक. हीटर चालू स्थितीत असला तरच सवलत टिकते.

बसवून वर्ष झालं. निर्मिती कमी वाटते, विक्रेता फोन उचलत नाही.

योजनेतल्या यंत्रणेची पाच वर्षं देखभाल करणं विक्रेत्याला बंधनकारक आहे, करारातलं ते कलम काढून लेखी तक्रार करा आणि पोर्टलवरही नोंदवा. तोवर घरच्या घरी दोन गोष्टी बघा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नाही, कारण मे आणि जुलैमध्ये निम्म्याच्या जवळपास फरक पडणारच. आणि पॅनेल पहाटे, ती थंड असताना, मऊ फडक्याने आणि गोड्या पाण्याने धुवा. बोअरचं जड पाणी वापरलं तर खालच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ धरते आणि तिच्याखालची सेलची रांग सावलीत असल्यासारखी वागते. धुतल्यावर निर्मिती वाढली नाही, तर वायरमनला पॅनेलमधल्या जोडण्या तपासायला सांगा. एका कंपनीचा कनेक्टर दुसरीच्या कनेक्टरमध्ये बसवलेला असेल तर तो सैल राहून तापतो. प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं दिसलं की यंत्रणा बंद करून तो जोड लगेच बदलून घ्या.